किरकोळ दुरुस्ती

दूधकट्ट्यावरची गिऱ्हाईकं पांगली
की आमची मीटिंग. तालमीच्या माडीवर
सतरंजी एक, पंखा एक, माणसं सत्तावीस.
विषय: तौफिक नायकवडी जातोय.
पलीकडच्या पेठेनं दोन लाख म्हटलेत,
वर जुनी मोटारसायकल, नावावर करून.

मी खजिनदार. वही माझ्या मांडीवर.

वहीत फॉरवर्डचं पान वेगळं आहे.
गोव्याहून आणलेला. त्याची खोली, गादी, मटण,
परतीचं तिकीट, हार,
गुलाल अडीच किलो.
तौफिकच्या नावासमोर गेल्या सहा वर्षांत
एक बूटजोडी
आणि घोट्याचं क्रेप बँडेज.

जोतीरामआण्णा उठले. मिशीला हात.
"मातीतलं पोरगं मातीलाच दर सांगतंय?
आम्ही पाव-केळ्यावर खेळलो.
आणि बॅकला कसले रं पैसे?
तो करतोय काय, तर बॉल भाईर मारतोय."
माडी हसली. मीही हसलो
वही तोंडापुढं धरून.

मी पण बॅकच होतो.
त्र्याऐंशीची वही अजून कपाटात आहे:
'बॅक, चहा-पाव, चार रुपये.'
डावा गुडघा त्या चार रुपयांत धरला नव्हता.
तो अजून जिना चढताना बिल मागतो.

झालेला गोल सगळ्यांना दिसतो.
हलगी फुटेस्तोवर वाजते,
पोरं जाळीवर चढतात, रात्री फ्लेक्स लागतो.
न झालेला गोल कुणाच्या बापाला दिसतो?
मार्चमधली सेमीफायनल, शेवटची दोन मिनिटं,
गोलकी पुढं आलेला, गोल सताड उघडा,
आणि तौफिकची मांडी मधी आली,
घरातलं कुणीतरी झोपेतनं उठून
दाराची कडी बघून येतं, तशी.
सकाळी कोण विचारतं
कडी कुणी लावली म्हणून?

तो आला तेव्हा साडेदहा झालेले.
उद्यमनगरातनं सरळ, अंगाला कूलंटचा वास,
नखांत लोखंडाचा कीस. बसला नाही.
"दीड द्या. दोन नको मला.
पाय मोडला तर लेथवर कोण उभं राहणार, तुम्ही?
तेवढं बोला. न्हाईतर मी कुठं जातोय."
आण्णांनी पंख्याकडं बघितलं.
पंखा फिरत होता.

गणपतीच्या शिल्लकीतनं पन्नास,
वीटभट्टीवाल्या सर्जेरावांचे चाळीस,
उरलेले महिन्याच्या बोलीवर.
हात वर करा म्हटलं. चौदा विरुद्ध तेरा.
चौदावा माझा,
गुडघ्यानं वर केलेला.

मग लिहायचं कुठल्या खात्यात?
मानधनात लिहावं तर फॉरवर्ड वाचणार.
मी लिहिलं: किरकोळ दुरुस्ती,
मागची भिंत.

रविवारी शाहू स्टेडियम. दुसरा हाफ.
एक बॉल त्याच्या पायाखालनं गेला. गोल.
गेल्या साली असाच गेलेला,
तेव्हा आमचा स्टँड म्हणालेला,
"आरं होतंय, तौफ्या, चल!"
यंदा पहिल्या ओळीतनं आवाज आला,
"दीड लाख घेतलास न्हवं!"
आवाज ओळखीचा होता.
हात वर केलेल्या चौदांतलाच.

पैसे द्यावेत, हे माझं मत अजून तेच आहे.
पण त्या दुपारी मला कळलं,
आम्ही पोरगा राखला
आणि त्याला चुकायची सवलत होती
ती काढून घेतली.
वहीत तिचा रकाना नव्हता कधी,
म्हणून गेलेली समजलीच नाही.

तौफिकनं मागं वळून बघितलं नाही.
सायकलच्या ट्यूबनं बांधलेला शिनपॅड वर ओढला,
गोलकीला जागा दाखवली,
दोन पावलं डावीकडं.
पुढचा बॉल आला तो त्यानं
उचलून भाईर मारला,
बरोबर त्या पहिल्या ओळीत.

चुकून असेल.
चहा सांडला कुणाच्या तरी शर्टावर.
बॉल परत आला.